एका फुप्फुसाची विश्रांति

लहान मुलाच्या छातीवर शस्त्रक्रिया करावयाची असतां भूल देणारे डॉक्टर पालकांस कधीं सांगतात, “कांहीं वेळ एक फुप्फुस मिटवून ठेवूं व दुसऱ्यानें श्वास चालवूं.” हें ऐकून आईच्या काळजांत धस्स होतें. म्हणून त्याचा अर्थ समजून घेऊं.

आमच्या पाटणास केरा व कोयना यांचा संगम आहे. तो उलटा कल्पावा, म्हणजे छातींत उतरून दुभंगणारी श्वासनलिका डोळ्यांपुढें येते. तिची उजवी शाखा अधिक रुंद, आखूड व सरळ असते; म्हणून न पाहतां खोल सारलेली नळी बहुधा उजवीकडे जाते. फुगतें-मिटतें फुप्फुस शस्त्रवैद्यास अडथळा करतें. शिवाय रोगट बाजूचा पू चांगल्या बाजूस जाऊं द्यावयाचा नसतो. यास्तव एक शाखा बंद करतात.

प्रौढांसाठीं दुहेरी नळी असते. स्वीडनमधील कार्लेन्स यांची नळी १९४९ सालची. परंतु सुमारें आठ वर्षांखालील मुलास ती जाड पडते. तेथें साधी नळीच एका शाखेंत सारतात, किंवा बारीक नळीच्या टोकावरील इवलासा फुगा फुगवून ती शाखा बुजवितात.

१८५४ सालीं गार्सिया या गायनशिक्षकानें आरशांतून स्वतःचे स्वरतंतु पाहिले. आज जीभ उचलणाऱ्या पात्यावर कॅमेरा असतो व चित्र पडद्यावर उमटतें. पण त्याची दृष्टि स्वरतंतूंपर्यंतच पोहोंचते. पुढचा दुभंग पाहण्यास नळींतून बारीक दुर्बीण घालावी लागते. एक डोळा दार दाखवितो, दुसरा आंतली खोली.

नवजात अर्भकाची श्वासनलिका अवघी ४ ते ५ सेंटिमीटर लांब असते. हनुवटी खालीं झुकली तर नळी आंत सरते, वर उचलली तर बाहेर येते. फुगा मागें घसरून मुख्य नलिकेंत आला, तर दोन्ही फुप्फुसांची वाट बंद होते. तो तत्काळ रिता करावा लागतो. त्यांतच अर्भकाची छाती मऊ असल्यानें कुशीवर निजविलें असतां खालचें चांगलें फुप्फुस दबतें व रक्तांतील प्राणवायु लवकर उतरतो. अशा वेळीं शस्त्रक्रिया थांबवून दोन्ही फुप्फुसें फुगवावीं लागतात.

म्हणून पालकांनीं यंत्र कोणतें, एवढेंच विचारूं नये. “डॉक्टरसाहेब, बाळाला कुशीवर वळविल्यावर नळीची जागा पुन्हां पाहतां ना?” हेंहि निःसंकोच विचारावें.