शॉपचा आठवडा
आठवीतलं मूल म्हणतं, "मला व्होकेशनल हायस्कूलला जायचंय," आणि आपल्या घरात एकदम शांतता! व्होकेशनल म्हटलं की आम्हां मंडळींना आय.टी.आय. आठवतं, आणि आय.टी.आय. म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची सोय, ही समजूत आम्ही सामानाबरोबर इकडे आणलेली.

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये या शाळांची रीत निराळी आहे. साधारणपणे एक आठवडा वर्गात, पुढचा शॉपमध्ये. नववीत आधी बऱ्याच शॉपमधून फिरवतात, मग मूल एक निवडतं: वायरिंग, प्लंबिंग, मशीनकाम, रुग्णसेवा, स्वयंपाक. गणित, इंग्रजी, सायन्स सुटत नाही, हायस्कूलचा डिप्लोमा मिळतोच, आणि कॉलेजची वाटही बंद होत नाही. बारावीत को-ऑप मिळालं तर शॉपच्या वेळात चक्क पगारी काम.

१९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्यापासून फेडरल सरकार अशा शिक्षणाला पैसा देत आलं आहे. २००६ साली पर्किन्स कायद्यात 'व्होकेशनल'च्या जागी 'करिअर अँड टेक्निकल' आलं. पाटी बदलली, आपल्या मनातली मात्र तीच!

आम्ही इंजिनियर लोकांनी पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासघासून एक जॉब केला, सबमिशन झालं, संपलं. इथे काही शाळांतली पोरं गावात खरंखुरं घर उभं करतात, ज्यात पुढे कुणीतरी राहायला येतं.

अनेक शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त येतात. तेव्हा आठवीच्या सुरुवातीलाच गाइडन्स कौन्सेलरला गाठा, आणि नकार द्यायचाच असेल तर निदान ओपन हाउसला मुलाबरोबर शॉपमधून एक चक्कर मारून मग द्या.