चिमूटभर मिठासारखी काडी

यंदा पुतण्या ताशाला लागला. नदीपात्रात सराव सुरू झाला आणि पहिल्याच संध्याकाळी साहेब दोन्ही हातांच्या बोटांना दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी टेप गुंडाळून निघाले. अजून एक ठोका वाजवलेला नाही आणि हात मात्र लढाईहून परतल्यासारखे. म्हटलं, "ही कशाला रे?" तर म्हणाला, "काका, टेप लावली की काडी सुटत नाही. सगळेच लावतात. तुमच्या वेळी नव्हती का?"

नव्हती. म्हणजे दुकानात होती, बोटांवर नव्हती. दहा वर्षं ताशा वाजवलेल्या माणसाला हे उंबऱ्यात उभं राहून सांगावं लागलं, आणि तो प्रश्न मनात सलत राहिला. त्याचाच हा मागोवा.

पुण्याच्या ढोल-ताशाचा इतिहास दर भाद्रपदात पुरवण्यांमध्ये येतोच, तो पुन्हा लिहीत नाही. १८९३, मुळशी-मावळातून शहरात येणारी ढोल-लेझमाची पथकं, मग ज्ञानप्रबोधिनी आणि रमणबागेसारख्या शाळांची पथकं, पुढे गल्लोगल्ली फुटलेली स्वतंत्र पथकं. सगळं बरोबर. फक्त त्यात काडी कशी धरायची याबद्दल अवाक्षर नसतं. मला सांगायचंय ते १९९६ ते २००६ या दहा वर्षांबद्दल, कारण तेव्हा मी रांगेत होतो.

आम्हाला ताशा शिकवला मुळशीकडच्या आबांनी. बुटके, काटक, डोक्यावर टोपी. पहिले पंधरा दिवस त्यांनी ताशाला हात लावू दिला नाही. जुन्या टायरचा एकेक तुकडा समोर ठेवला आणि प्रत्येकाला वेताच्या दोन काड्या दिल्या. काडीच्या मागच्या टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर पेन्सिलची खूण केली. अंगठा आणि पहिलं बोट तिथे. बाकीची बोटं काडीखाली नुसती टेकलेली, पोरगं पळू नये म्हणून दारात बसलेल्या आजीसारखी.

"आमटीत मीठ घालताना चिमटीत कसं धरता? दाबून धरता का?"

नाही.

"मग काडी का दाबता?"

दाबायची का नाही, हेही त्यांनी टायरवरच दाखवलं. काडी पडली की आपली आपण उसळते. ती उसळू दिली तर दुसरा ठोका जवळजवळ फुकट मिळतो. मुठीत आवळली तर उसळी तिथेच मरते, आणि पुढचा प्रत्येक ठोका खांद्यातून ओढून काढावा लागतो. ताशाची तर्री, म्हणजे दाणे सांडावेत तसा तो सलग कडकडाट, जोरावर निघत नाही. ती उसळीवर निघते. जोरावर काढायला गेलं तर पाच मिनिटांत मनगट दगड होतं आणि कोपरापर्यंत पीळ बसतो.

आबांची परीक्षा अजून अंगावर काटा आणते. आपण रंगात आलेले असताना ते मागून येत आणि काडीचं टोक धरून हिसका देत. काडी अलगद हातात आली तर म्हणत, "पोरगं आहे अजून." आलीच नाही तर म्हणत, "बैल आहे." थोडी ओढ लागून निसटली, तरच पुढे जात. मला बैलाचा माणूस व्हायला दोन गणपती लागले.

आणि फोड. फोड सगळ्यांनाच आले. पण आबा फोड वाचायचे. पहिल्या बोटाच्या मुळाशी आला, तर आवळतोयस. अंगठ्याच्या बाजूला आला, तर काडी बोटात फिरतेय, खूण सुटली. तळव्यात आला, तर तू ताशा वाजवत नाहीस, कपडे धुतोयस. हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करायचे, पण धरायची पद्धत बदलूनच. त्या वयात आम्हाला फोड म्हणजे शौर्य वाटायचं. आबांना ती चूक वाटायची.

या सगळ्याचा पाठ लक्ष्मी रस्त्यावर झाला. साल २००१ असावं. बेलबाग चौक ओलांडला आणि पावसाची सर आली. अंगावरच्या गुलालाचा लगदा झाला, हात शेंदरासारखे लाल आणि साबणासारखे गुळगुळीत. आमची चामड्याची पानं आधीच सर्दावलेली, थांब्यावर कागदं पेटवून शेकलेली. कुंटे चौकाच्या अलीकडे माझी उजवी काडी हातातल्या हातात सरकायला लागली. मूठ आवळावीशी वाटली, आणि घाबरलेला प्रत्येक जण तेच करतो. ओला हात आवळला की ओलं लाकूड पिचकारीसारखं पुढे सुटतं, हे टायरवर शंभरदा झालं होतं. तर्री डाव्या हातावर टाकली, उजवा पंजा झब्ब्याला पुसला, कमरेच्या शेल्यात खोचलेली कोरडी काडी उपसली आणि पुढच्या समेला परत आत. ढोलवाल्यांना कळलंही नाही. रांगेच्या कडेने चालणाऱ्या आबांना कळलं. त्यांनी फक्त मान हलवली. त्या मानेवर मी पुढची पाच वर्षं वाजवलं.

त्या दशकात चांगलंही पुष्कळ झालं. मुली मोठ्या संख्येने पथकांत आल्या आणि, खरं सांगतो, काडी आमच्याआधी त्यांना कळली. दंडाच्या जोरावर निभावून न्यायची खोड त्यांना नव्हती.

मग स्पीकरच्या भिंती आल्या. मंडळांना आवाज हवा होता आणि आमच्या पथकप्रमुखांना सुपाऱ्या. चामडं जाऊन प्लॅस्टिकचं पान आलं. पावसाळ्यात ते सर्दावत नाही, हे मला मान्य. शिवाय ताणलेलं प्लॅस्टिक काडीला चामड्याहून जास्त उसळवतं, म्हणजे हात आणखी हलका ठेवायला हवा होता. आम्ही उलटं केलं. वेत गेला, जाड प्लॅस्टिकच्या काड्या आल्या, लय दुप्पट झाली, आणि हुकूम सुटला : जोरात. मी म्हटलं, पोरांची मनगटं जातील. प्रमुख म्हणाले, "तुम्ही ध्वज धरा." २००६ सालचा गणपती मी ध्वज धरून काढला आणि घरी बसलो. हे गृहस्थ हल्ली व्यासपीठावरून परंपरेवर बोलतात. मी टाळ्या वाजवतो, चिमटीने.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे मिरवणूकच निघाली नाही. वाटलं होतं, त्या शांततेत कोणी तरी विचार करेल. २०२२ मध्ये सगळे दुप्पट जोराने परतले. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच वादक असावेत असा आदेश दिला, सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुण्यात पेढे वाटले गेले. पेढा मीही खाल्ला. ताशे गप्प बसावेत असं मला कधीच वाटणार नाही. पण मनात आलं, आमचं अख्खं पथक तेवढंच होतं आणि कमी वाटलं नव्हतं. शे-दोनशे ढोल एका वेळी पडतात तेव्हा ताशेवाल्याला स्वतःची काडी ऐकू येत नाही. जे ऐकू येत नाही ते तो मारून काढतो, मारायचं म्हणजे आवळायचं, आवळलं की फोड, आणि फोडावर टेप. पुतण्याच्या बोटांवरचा तो पांढरा गुंडाळा असा वीस वर्षं गुंडाळला गेलाय.

आबा गेल्या वर्षी गेले. बातमी कुठे आली नाही.

परवा सराव बघायला नदीपात्रात गेलो. पुतण्या रांगेत होता, चेहरा लालबुंद, खांदे कानाला लागलेले. मागून जाऊन त्याच्या काडीचं टोक धरलं आणि हिसका दिला. काडी सुटली नाही, पोरगंच अर्धा हात मागे आलं. रागावला. मग घरी आल्यावर, जेवताना, मिठाचं भांडं पुढे सरकवून त्याला चिमूट धरायला सांगितली. पाच मिनिटं दोघंही ताटाच्या कडेवर बोटं आपटत बसलो, वहिनी ओरडेपर्यंत.

या वर्षी नव्याने ताशाला लागलेल्या सगळ्यांना एवढंच सांगणं : पहिले पंधरा दिवस टेप घरी ठेवा. फोड येईल. तो कुठे आलाय ते नीट बघा, आणि झाकायच्या आधी पकड बदला.