साचा एक, घरे अनेक

अमरावती असो की अकोला, शाळेचा निरोप आता चिठ्ठीने कमी आणि मोबाईलवर जास्त येतो. गैरहजेरी, फी, पालकसभा, निकाल, सगळेच. हजार घरांसाठी हजार मजकूर कोणी लिहीत नाही. एकच साचा लिहायचा आणि नाव, वर्ग, तारीख यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या. एक्सेलच्या यादीतून संगणक त्या भरतो. वर्डमध्ये याला मेल मर्ज म्हणतात. प्रश्नपत्रिकेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’सारखाच हा प्रकार. मात्र भरताना काय चुकू शकते, हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्या वऱ्हाडात पुष्कळ नावे ‘शेख’, ‘सय्यद’, ‘मिर्झा’ अशी सुरू होतात. नावातला पहिला शब्द उचलणारे फंक्शन वापरले, की वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी ‘प्रिय शेख’ एवढाच निरोप जातो. म्हणून यादीत हाक मारायच्या नावाचा वेगळा रकाना ठेवावा.

दुसरा पेच मराठीचा. मोकळ्या जागेपुढे ‘त’ जोडून ठेवला, तर अमरावतीचे ‘अमरावतीत’ बरोबर होते, पण अकोल्याचे ‘अकोलात’ होते. त्यापेक्षा ‘ठिकाण : अकोला’ असे लिहावे, म्हणजे शब्द मोडत नाही. मुलगा ‘आला नाही’, मुलगी ‘आली नाही’, हा फरक ‘इफ’ फंक्शन सांभाळते : रकान्यात ‘मुलगी’ असेल तर हे वाक्य, नसेल तर ते. उर्दूतही ‘आया’ आणि ‘आई’ असा भेद असल्याने उर्दू शाळांनाही ही युक्ती लागतेच.

सर्वांत नाजूक जागा पालकांच्या नावाची. साच्यात ‘वडिलांचे नाव’ असेल, तर यतीम मुलाच्या आईच्या फोनवर मरहूम पतीच्या नावाने फीची मागणी जाते. तिथे ‘पालकाचे नाव’ असा रकाना हवा, आणि तो दरवर्षी प्रवेशाच्या वेळी विचारून भरायला हवा. रकाना रिकामा राहिला तर ‘मा. पालक’ असे यावे, अशी अट ‘इफ’मध्येच घालता येते.

हे सारे आधीच ठरवावे लागते. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थांना एसएमएसचा साचा आधी नोंदवावा लागतो. मंजुरीनंतर फक्त मोकळ्या जागांतला मजकूर बदलतो, बाकीचे वाक्य तसेच राहते. शिवाय इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरचिन्हे मावतात, देवनागरीत ७०च, आणि त्यांत काना-मात्राही मोजल्या जातात. तेव्हा वाक्य आटोपशीर हवे.

पाठवण्यापूर्वी तीन ओळींवर चाचणी घ्यावी : एक मुलगी, एक यतीम मूल आणि एक अर्धवट भरलेली ओळ. तिन्ही निरोप आपल्याच फोनवर मागवून मोठ्याने वाचावेत. ज्या घरी आधीच दुःख आहे, तिथे हा निरोप कसा ऐकू येईल, ते तेव्हाच कळते.