मेहेरबानी आणि हक्क

उरणचा द्रोणागिरी डोंगर ज्या करंजा बेटावर उभा आहे, ते बेट 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे राहिले. याच कोकणातून इंग्रजांनी मुंबई लष्करात आमचे पूर्वज भरती केले. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावात पडलेल्या महार सैनिकांची 'नाक' लावलेली नावे विजयस्तंभावर आजही वाचता येतात.

पण गरज सरली आणि 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली. महाडकडचे निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. बंदी उठली नाही. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये महार पलटण उभी केली, 1921 मध्ये मोडलीही!

आम्ही वकील म्हणून सांगतो, मेहेरबानी देणारा ती कधीही काढून घेतो. हक्कासाठी मात्र कोर्टात दाद मागता येते. 1941 मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. 1950 मध्ये संविधानाच्या कलम 16 ने सरकारी नोकरीतील जातिभेदालाच मनाई केली.

बांधवांनो, 1 जानेवारीला स्तंभाला मानवंदना जरूर द्या. घरी आल्यावर मुलांना कलम 16 वाचून दाखवा.