स्टेशन जवळ असेल, पण सात सह्या मिळतील का?

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने मे 2025मध्ये संमती दिली. गोवा, कर्नाटक आणि केरळ आधीच राजी होते. गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023पासून सुरू आहेच. त्यामुळे तिथल्या पेडणे-डिचोलीत जुना फ्लॅट विकणारेही आता 'स्टेशन जवळ' म्हणून भाव वाढवून सांगतात. घेणाऱ्याने हे बोलणं फार मनावर घेऊ नये.

जपानमध्ये जुन्या फ्लॅटच्या जाहिरातीत स्टेशनपासून चालत किती मिनिटं ते छापतात आणि 80 मीटरला एक मिनिट असा हिशेब धरतात. तोच हिशेब इथे लावून पाहा. पेडण्याचं स्टेशन शहरात नाही, मालपेला आहे. डिचोली तालुक्याला तर स्वतःचं मोठं स्टेशन नाही. अस्नोड्यावरून थिवी गाठायची. मुंबईची वंदे भारत थिवीला थांबते ही सोय खरीच, पण तिथवर जायला गाडी हवी. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, आणि जुलै 2024मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद पडली होती.

माझ्या मते जुन्या फ्लॅटची खरी परीक्षा उपनिबंधकाच्या कचेरीत होते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वारशाने आलेली धरून. कागदावर नाव एकट्या नवऱ्याचं असलं तरी बायकोच्या सहीवाचून स्थावर विकता येत नाही. मुंबई-पुण्याहून येणारा ग्राहक हे विचारतच नाही. त्याच्याकडे ज्याचं नाव तो मालक.

मालक वारलेला असला तर गुंता वाढतो. समजा, मागे विधवा आई आणि तीन लग्न झालेली मुलं आहेत. अर्धा हिस्सा आईचा आधीपासूनच आहे. उरलेल्या अर्ध्यात मुलगा-मुलगी सारखेच. गोव्याच्या सामाईक पद्धतीने ही लग्नं झालेली असतील तर सुना-जावईही आले. एका फ्लॅटला सात सह्या! एक मुलगी पुण्याला, एक मुलगा लिस्बनला, म्हणजे मुखत्यारपत्रं आली. 2012च्या गोवा वारसा कायद्याखाली विशेष नोटरीसमोर वारसपत्र करून घेता येतं. वारसांचं पटत नसेल तर दिवाणी कोर्टात 'इन्व्हेंटरी', म्हणजे वाटणीची कारवाई, चालवावी लागते. हे व्हायच्या आधी बयाणा देणं मला धोक्याचं वाटतं. दोन लाख कमी करून देतो म्हणणाऱ्या दलालाला पहिला प्रश्न हाच विचारावा: वारसपत्र कुठे आहे?

सहीचा प्रश्न सुटला की जमिनीचा. एक-चौदाच्या म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर जमीन अजून जुन्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) नावावर तर नाही ना? विक्रीखत झालं आहे की नुसत्या करारावर ताबा घेतला होता? ऑक्युपन्सीचा दाखला आणि घरपट्टीच्या पावत्या मागून घ्याव्यात. 'रेरा'ची नोंदणी बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांसाठी असते; त्या कायद्याआधी पुरी झालेल्या इमारतीला ती लागू नाही.

मग इमारत बघावी, आणि ती जुलैत बघावी. गच्चीतून गळती, सळ्या गंजून सुटलेलं प्लॅस्टर, टाकीखालची ओल हे सगळं मे महिन्यात रंगाखाली झाकलं जातं. जपानमध्ये जून 1981नंतरच्या भूकंप-नियमांनी बांधलेली इमारत आहे का, हे आधी पाहतात आणि रहिवाशांच्या संघटनेकडे दुरुस्तीसाठी दरमहा किती निधी जमतो हे विचारतात. आपल्याकडे अनेक इमारतींत सोसायटीच स्थापन झालेली नसते, त्यामुळे असा निधीही नसतो. सोसायटी असेल तर तीन वर्षांचे हिशेब आणि सभांचं इतिवृत्त मागावं. नसेल, तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोण करणार आणि पैसे कोण देणार, हे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना व्यवहाराआधीच भेटून विचारावं. ते जे सांगतील त्यावर भाव ठरवावा.