गाळण्याआधी एकदा दाखवा

सकाळी सात

बडोद्यात कारेलीबागेत पाण्याच्या टाकीच्या रस्त्याला लागून आमचं घर आहे आणि त्याची गॅलरी पूर्वेला आहे. सात ते आठ या वेळात तिथे तिरकं ऊन येतं. सोन्याचं नाणं बघायचं ते याच उन्हात. ट्यूबलाइटखाली सगळं सोनं सारखंच पिवळं दिसतं. तिरक्या उन्हात मात्र अक्षरांच्या कडा उठून दिसतात, फडक्याने घासल्याच्या रेघा उमटतात आणि कडी काढून जिथे झाळलं असेल ती जागाही उघडी पडते.

आज काळ्या मखमलीवर बडोद्याची मोहोर आहे, म्हणजे मोहोरेचा सहावा हिस्सा. वजन एका ग्रॅमच्या आसपास, आकार करंगळीच्या नखाएवढा. त्यावर पगडी घातलेले तरुण सयाजीराव महाराज आणि भोवती देवनागरीत ‘श्री सयाजीराव म. गायकवाड’. साल संवतात आहे, त्यातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. एवढ्याशा जागेत डोळ्याची पापणी आणि मिशीचा पीळ कोरणारा कारागीर कोण होता ते नाण्यावर लिहिलेलं नसतं. मी मात्र दर वेळी आधी त्याचं काम बघतो, महाराजांकडे नंतर.

या चेहऱ्यापर्यंत यायला बडोद्याच्या नाण्याला शंभरएक वर्षं लागली. जुन्या बाबाशाही रुपयावर फारसीत दिल्लीच्या बादशहाचं नाव असायचं आणि गायकवाडांची खूण म्हणून कोपऱ्यात एखादंच नागरी अक्षर. आनंदरावांचा ‘आ’, गणपतरावांचा ‘ग’. १८५७ नंतर दिल्लीत बादशहाच उरला नाही, तेव्हा खंडेराव महाराजांनी त्याचं नाव काढलं आणि तिथे ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ हा आपला किताब घातला, पण तोही फारसीतच. यंत्रावर पाडलेलं, देवनागरी अक्षरांचं आणि राजाचा चेहरा असलेलं नाणं सयाजीरावांच्या काळात आलं. विसावं शतक उजाडता उजाडता इंग्रजी रुपया आला आणि इथली टांकसाळ थांबली. म्हणून ही सोन्याची नाणी थोडी आहेत. ती बाजारात फिरण्यासाठी नव्हतीच, मुख्यतः नजराण्यासाठी आणि बक्षिसासाठी होती. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतून घेतल्या. त्या वजनाच्या मोहोरा पाडल्या असत्या तर आज बडोद्याच्या घराघरांत एखादी तरी सापडली असती, असं मला नेहमी वाटतं.

साडेआठ

धनतेरस जवळ आल्याने फोन सुरू झालेत. इथल्या गुजराती घरांत त्या दिवशी नाणी दुधाने धुतात, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला ताम्हनात मांडतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, कशाने चमकवायची? मी सांगतो, दुधाने धुवा, साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका आणि सोनाराकडे तेजाबात तर मुळीच घालू नका. सोनं काळं पडत नाही. त्यावर जी तांबूस झाक असते ती वयाची असते, आणि जाणकार गिऱ्हाईक तिचे पैसे देतं.

नऊ

चहा झाला की काटा काढतो. हा काटा मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. त्याच्याशेजारी पाण्याचा पेला आणि नायलॉनचा बारीक दोरा. ओळखीतल्या एकाने एक गिन्नी तपासायला दिली आहे. जॉर्ज पाचवा, साल १९१८. मागच्या बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज आणि सालाच्या किंचित वर, जमिनीच्या पट्टीवर, रोमन लिपीतलं बारीकसं ‘आय’ अक्षर. हे मुंबईचं चिन्ह. पहिल्या महायुद्धात सोनं जहाजाने हलवणं धोक्याचं झालं होतं, म्हणून लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा मुंबईत उघडली आणि १९१८ मध्ये तिथे जवळपास १३ लाख गिन्न्या पाडल्या गेल्या. त्याच साली मुंबईत १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही निघालं, वजनाला अगदी गिन्नीइतकंच.

हवेत वजन आलं ७.९८ ग्रॅम. आता पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याने गिन्नी पाण्यात सोडायची, तळाला किंवा काठाला न टेकवता. काट्याने ०.४५ दाखवलं. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की साडेसतरा-पावणेअठराच्या घरातला आकडा येतो. बावीस कॅरटचं सोनं तिथेच बसतं. पितळेवर मुलामा असता तर भागाकार आठ-नऊवर अडकला असता. दोऱ्याला बुडबुडा चिकटला तरी आकडा बिघडतो, म्हणून मी नाणं वर काढून पुन्हा सोडतो.

धातू खरा निघाला म्हणजे नाणं खरं, असं मात्र नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर बैरूतमध्ये चांगल्या सोन्याच्या, पूर्ण वजनाच्या नकली गिन्न्या ढिगाने झाल्या. त्या काट्याला फसवतात. म्हणून त्यानंतर दहापट भिंग. खऱ्या नाण्यात अक्षराची भिंत सरळ उभी असते आणि तिच्या पायथ्याशी जमीन सपाट असते. साच्यात ओतलेल्यात तो कोपरा गोलसर होतो आणि सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. आजच्या गिन्नीतली अक्षरं धारदार आहेत, कडेचे दातेही एकसारखे आहेत. गिन्नी चांगली आहे.

अकरा

स्कूटरवरून चांपानेर दरवाजातून मांडवीला आणि तिथून घडियाळी पोळेत. इथल्या एका सोनीभाईंशी माझा जुना करार आहे. मोडीत आलेल्या सोन्यात नाणं दिसलं की भट्टीत घालण्याआधी मला कळवायचं. सोन्याच्या भावावर रुपया जास्त द्यायची माझी तयारी असते. मात्र गिऱ्हाइकाला नाणं काय आहे ते सांगूनच घ्यायचं, ही अट मी घातलेली आहे.

“काका, पहेलां आ जोई लो, पछी गाळीए,” म्हणत त्यांनी लाल कागदाची पुडी पुढे केली. आत दोन मोहोरा होत्या. एक मोगल, झिजलेली, कडी तुटलेली. दुसरीच्या अक्षरांकडे पाहताच कळलं की ती कुणा सोनाराने माळेसाठी ठोकलेली नक्कल आहे. मोगल मोहोर अकरा ग्रॅमच्या जरा आत असते. हिचं वजन कडीचा डाग धरूनही तेवढंच भरलं. बादशहाचं नाव अर्धंच उरलंय, टांकसाळीचं गाव तर नाण्याबाहेरच गेलंय. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यावर असंच होतं. तरी ‘औरंग’ एवढं लागलं.

सोन्याचा भाव तोळ्याला लाखापलीकडे गेल्यापासून हे काम अवघड झालंय. पूर्वी झिजलेल्या मोहोरेलाही सोन्यापेक्षा बरीच जास्त किंमत यायची. आता सोनंच इतकं चढलंय की साध्या नाण्याचा संग्राहकी भाव आणि भट्टीचा भाव जवळजवळ आलेत. मग सोनार कशाला थांबेल? ज्या मोहोरा तीनशे वर्षं राज्यं बुडताना वाचल्या, त्या एका दुपारी लगडीत जातात. हे भाईंना रोज सांगणं हाच माझ्या छंदाचा मोठा भाग झालाय. ते ऐकतात, हे त्यांचे उपकार.

दुपारी दीड

जेवण झाल्यावर फोन. पलीकडचा माणूस हळू आवाजात सांगतो, खोदकामात मडकं मिळालंय, आत सोन्याची नाणी आहेत, स्वस्तात देतो. शंभरातले जवळजवळ सगळे असे फोन पितळेचे असतात. आधी एक खरं नाणं दाखवतात, मग पिशवीभर खोटी गळ्यात घालतात. आणि समजा खरं असलंच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावंच लागतं. मी एवढंच सांगून फोन ठेवतो. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशातल्या भाच्यांना दर दिवाळीला सांगावं लागतं.

मडकं न कळवल्याने काय जातं ते बयानाने दाखवलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये भरतपूर संस्थानात बयानाजवळ शिकार झाली आणि गावची पोरं रिकामी काडतुसं वेचायला गेली. तिथे त्यांना तांब्याचं भांडं मिळालं. त्यात गुप्त राजांची सोन्याची नाणी होती. दरबाराला कळेपर्यंत काही वितळून गेली, तरी १८२१ हाती लागली. गुप्तांच्या सोन्याचा एवढा मोठा ठेवा दुसरा नाही. त्याची सूची केली ती आपल्या कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकरांनी. १९५४ साली ती ग्रंथरूपात आली. प्रत्येक नाण्याचं वजन, आकार, लेख, सगळं त्यात आहे. मी नाणी नोंदवायला शिकलो ते त्या पानांवरून. जी वितळली त्यांतला एखादा प्रकार कदाचित जगात कुठेच उरला नसेल, हा विचार मला आजही सोडत नाही.

चार

दांडिया बाजारातल्या काकू नातवाला घेऊन आल्या. वय ऐंशीच्या पुढे. माझ्या आईच्या मैत्रीण, त्यामुळे मला अजून अरे-तुरे. पदराच्या गाठीतून त्यांनी पुतळ्यांची माळ काढली.

“तिघी नातींना सारखी वाटायची आहे. मोडून वळी करू का, ते सांग.”

“काकू, मोडायचं आपण नंतर बघू. आधी मला बघू द्या.”

पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकाट. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. १२८४ पासून १७९७ पर्यंत, पाच शतकं, एकाच चित्राचं: एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राजप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. मसाले आणि कापड घ्यायला आलेलं हे सोनं तांबड्या समुद्रातून सुरतेसारख्या बंदरांत उतरलं आणि आपल्या बायकांच्या गळ्यात राहिलं. सोनं चोख म्हणून लोकांचा त्यावर विश्वास होता. इतका, की इथल्या सोनारांनी त्याच्या हुबेहूब नकला केल्या. त्यांना रोमन अक्षरं येत नव्हती, म्हणून नकलेत अक्षरांच्या नुसत्या उभ्या-आडव्या काड्या होतात आणि राजप्रमुखाच्या टोपीचं कधी मुंडासं होतं.

काकूंच्या माळेतल्या पुतळ्या एकेक करून भिंगाखाली घेतल्या. काड्या, काड्या, पुन्हा काड्या. त्या सोन्याला चांगल्या आहेत, त्यांचीही मजा आहे, पण घडलेल्या इथल्या. मग मधलीच एक आली आणि गुडघे टेकलेल्या माणसामागे अक्षरं वाचता आली: लुडो मानिन. लुडोविको मानिन. व्हेनिसचा शेवटचा राजप्रमुख, १७८९ ते १७९७. नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवलं तेव्हा गादीवर हाच होता. त्या आठ वर्षांत बडोद्यात आधी मानाजीराव आणि मग गोविंदराव गायकवाड होते, पुण्यात सवाई माधवराव गेले आणि खर्ड्याची लढाई झाली.

काकूंना हे सांगितलं. त्या बराच वेळ ते नाणं तळहातावर धरून बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या आजेसासूबाईंची माळ ही. मला लग्नात घातली. त्रेसष्ट साली मोरारजीभाईंचा कायदा आला ना, तेव्हा मामंजींनी घरातल्या सुट्या मोहोरा सोनाराला दिल्या. माळ दागिना म्हणून राहिली.”

त्या वर्षी जानेवारीत सुवर्णनियंत्रण आलं. चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि दागिन्याखेरीजचं सोनं सरकारला कळवायचं ठरलं. पुढे १९६८ चा कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या काळात भीतीपोटी किती घरांनी सुटी नाणी गाळली, याची मोजदाद कोण करणार? ज्यांना कडी लावली होती ती राहिली. म्हणून कडीच्या नाण्याला नाक मुरडणाऱ्या संग्राहकांशी माझं पटत नाही. कडीने नाण्याची किंमत कमी होते, खरं आहे. पण त्या कडीनेच ते नाणं आपल्यापर्यंत आणलं.

सहा

मोहल्ल्यातला एक कॉलेजातला मुलगा येतो. मोबाइलवर शिवरायांच्या सोन्याच्या होनाचा फोटो आहे, कुणीतरी विकायला काढलाय. ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचं हे नाणं, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक मराठी संग्राहकाला ते हवंसं वाटतं, मलाही. पण खरे होन मोजकेच माहीत आहेत आणि खोटे मुबलक, कारण भावनेला भाव मिळतो. त्याला म्हटलं, “आधी तांब्याची शिवराई घे. अक्षरं तीच, राजा तोच, आणि काही शेकड्यांत चांगली मिळते. दहा शिवराया हाताळल्यास की अक्षरांचं वळण बोटांना कळेल.” तो जरा हिरमुसला, पण वही काढून लिहून घेतलं.

रात्री नऊ

सोनं घरात ठेवत नाही, बँकेच्या लॉकरमध्ये असतं. उद्या सकाळी आजची नाणी तिकडे जातील. घरात असतात त्या नोंदवह्या. प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी: राजा, टांकसाळ, साल, वजन, व्यास, आणि सगळ्यात खाली ते कुणाच्या घरातून आलं. ही शेवटची ओळ पुष्कळ जण लिहीत नाहीत. माझ्या मते तीच खरी मिळकत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं. सोन्याला पाण्याचं काही नसतं, कागदाचा लगदा होतो. तेव्हापासून वह्या वरच्या मजल्यावर आणि त्यांचे फोटो मुलीकडे पुण्याला.

औरंगजेबाच्या मोहोरेची नोंद करत असताना काकूंच्या नातवाचा फोन आला. आजीने ठरवलंय. बाकीच्या पुतळ्या तिघींना सारख्या वाटायच्या, मोडायच्या नाहीत. मानिनची देव्हाऱ्यातल्या डबीत राहणार. “काका, तिच्यासोबत ठेवायला एक चिठ्ठी लिहून द्या. आणि आजी म्हणते, मोठ्या अक्षरात.”

दुपारच्या टिपणावरून मी लिहायला घेतली: पुतळी. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट. राजप्रमुख लुडोविको मानिन, १७८९ ते १७९७. कडीसकट वजन ३.६ ग्रॅम. कडी जुनी, काढू नये. दांडिया बाजार, बडोदे, आजेसासूबाईंच्या माळेतली.