नवे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि आपले आरोग्य

नवे पशुवैद्यकीय महाविद्यालय काढायचे, हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचक विचारतील. पण गोठ्यातला रोग आणि घरातला ताप यांत अंतर फार थोडे असते.

ब्रुसेलोसिस या रोगाचे उदाहरण घ्या. या रोगाने गाय किंवा म्हैस गाभ टाकते. तिची वार उघड्या हाताने काढणाऱ्याला आणि कच्चे दूध पिणाऱ्याला त्याचे जंतू लागतात. मग राहून राहून ताप येतो, घाम सुटतो, सांधे व कंबर दुखते. मलेरिया किंवा टायफॉइड समजून उपचार होतात आणि ताप पुन्हा येतो. अचूक निदान झाल्यावरही साधारण सहा आठवडे औषधे घ्यावी लागतात. हाच रोग कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचून गोठ्यातच रोखता येतो. ते काम पशुवैद्यकाचे. आम्ही डॉक्टर फार पुढच्या टप्प्यावर भेटतो.

हा पशुवैद्यक घडतो कसा? मुंबईचे महाविद्यालय १८८६ चे, नागपूरचे १९५८ चे. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली सुरू झाले आणि राज्यातील ही महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते.

म्हणूनच नवे महाविद्यालय काढताना इमारतीपेक्षा इतर गोष्टी आधी पाहाव्यात. पुरेसे अध्यापक हवेत, रोज जनावरे येणारा दवाखाना हवा, रक्त व दूध तपासणारी प्रयोगशाळा हवी, गावोगाव जाणारे फिरते पथक हवे. ज्याने अडलेली गाय कधी सोडवली नाही, त्याची पदवी शेतकऱ्याच्या काय कामाची? आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गाईंचा मुलूख. विद्यार्थी अशा गोठ्यांपर्यंत पोचले, तरच महाविद्यालयाचा उपयोग माणसांनाही होईल.

तोवर आपण एवढे करावे:

दूध उकळूनच प्यावे.

वार किंवा पडलेला गाभ उघड्या हाताने उचलू नये. तो खोल पुरावा व पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

ताप हटत नसेल, तर घरी जनावरे आहेत हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.